भरल्या गाडीचे ॲव्हरेज

आमच्या धाराशिव जिल्ह्यात म्हैस आणि गाडी या दोहोंविषयी एकच प्रश्न विचारण्याची चाल आहे : ‘किती देते?’ म्हशीच्या बाबतीत हा प्रश्न विचारणारा गृहस्थ नुसत्या उत्तरावर विसंबून राहत नाही; तो तिच्या धन्याला दोन्ही वेळचे दूध आपल्या डोळ्यांदेखत काढावयास लावतो, आदल्या वेळचे दूध कासेत तुंबवून ठेवलेले नाही ना याची खात्री करून घेतो, आणि मगच रुमालाखाली हात घालून बोटांवर सौदा तोडतो. परंतु हाच चतुर गृहस्थ जेव्हा लाखांच्या भावात, पाच वर्षांच्या हप्त्यांनी, शेताचा उतारा गहाण ठेवून मालवाहू पिकअप घ्यावयास जातो, तेव्हा शोरूममधील टाय लावलेल्या पोराने चहाचा कप पुढे करता करता जो आकडा तोंडी सांगितला असेल तो वेदवाक्य मानून सही करतो. तो आकडा रिकाम्या गाडीचा की भरल्या, गावातला की महामार्गावरचा, साठाच्या वेगाचा की ऐंशीच्या, याची विचारपूस करण्याचे त्याच्या मनातही येत नाही. आणि आले तरी त्याचे लेखी उत्तर देण्याची सक्ती समोरच्यावर नाही, हे या लेखातले माझे गाऱ्हाणे आहे.

हे सुचण्याचे निमित्त घरगुतीच आहे. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने – सातवीत मी त्याला त्रैराशिक शिकविले होते आणि त्याचे ते एकदाही बरोबर आले नव्हते – २०२१ साली पेट्रोलवर चालणारी एक टनाच्या आतबाहेरची पिकअप घेतली. तत्पूर्वी आमच्याकडे मालवाहू गाडी म्हणजे डिझेलची हे समीकरण इतके पक्के होते की त्याला पर्याय असू शकतो हेच कोणाला ठाऊक नव्हते. २००५ साली टाटांची ‘एस’ आली आणि ‘छोटा हत्ती’ या नावाने गल्लीबोळांत शिरली, तीही दोन सिलिंडरांच्या डिझेल इंजिनावरच. पुढे १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज-६ ची प्रदूषणमर्यादा अंमलात आली. लहान डिझेल इंजिनांच्या धुरावर जी शुद्धीकरणाची यंत्रणा बसवावी लागली तिचा खर्च गाडीच्या किमतीच्या मानाने डोईजड होऊ लागला. मारुतीने तर डिझेल इंजिनांना त्याच महिन्यापासून रामराम ठोकला. आणि छोट्या मालवाहू गाड्यांच्या पंक्तीत पेट्रोल, व पाठोपाठ सीएनजी, येऊन बसले. गाडी स्वस्त, हप्ता हलका, आवाज मवाळ. शहरातल्या शहरात किराणा पोचविणाऱ्याला, दिवसातून चाळीस वेळा थांबणाऱ्या आणि सुटणाऱ्याला, ती खरोखरच सोयीची आहे.

पण आमच्या जिल्ह्यात गावातल्या गावात भाडे मिळते कुठे? येथे भाडे म्हणजे महामार्ग. टोमॅटो आणि कोथिंबीर सोलापूरच्या बाजाराला, भूम-वाशीकडील खवा दूरच्या शहरांना, उस्मानाबादी शेळ्या आठवडी बाजारांना, दसऱ्याच्या आधी झेंडू जिकडे भाव असेल तिकडे. येडशी, धाराशिव, तुळजापूर अशी गावे धरीत सोलापूरला उतरणारा ५२ क्रमांकाचा चौपदरी रस्ता आणि नळदुर्ग-उमरग्यावरून हैदराबादकडे जाणारा ६५ क्रमांकाचा, हे दोन रस्ते वगळले तर आमच्या पिकअपवाल्यांचा संसार शून्यवत होईल. म्हणजे जी गाडी थांबत थांबत चालण्यासाठी बरी, ती आम्ही तासन्‌तास एकाच वेगाने, पूर्ण भारासह, उघड्या माळावरच्या वाऱ्याला तोंड देत पळवितो, आणि मग ‘ही पेट्रोल फार पिते’ म्हणून तिच्या नावाने खडे फोडतो.

“गुरुजी, शोरूमवाला अठरा म्हनला हुता. अठरा तर मी उतारावर बी बगितलं न्हाई,” असे तो एके दिवशी म्हणाला. मी म्हटले, मोजलेस का? तो गप्प बसला. मग त्रैराशिकाचा जुना हिशेब चुकता करण्याची संधी साधून मी त्याच्यासोबत दोन फेऱ्या केल्या. रीत जुनीच : टाकी फुल ते टाकी फुल. पंप तोच, नोझल तेच, आणि नोझल आपोआप बंद झाले की हात आखडता घ्यावयाचा; वरून आणखी चार थेंब ओतण्याचा मोह टाळावयाचा, कारण त्या चार थेंबांतच सगळा हिशेब वाहून जातो. टायरांत हवा एकसारखी. हौद्यात टोमॅटोची पंचेचाळीस कॅरेट, वर ताडपत्री, मागचा फाळका बंद. धाराशिवहून सोलापूर, तेथे माल उतरवून तितक्याच वजनाची सरकी पेंड भरून परत. जाऊन-येऊन सुमारे १४० किलोमीटर. पहिल्या फेरीत तो आपल्या नित्याच्या रीतीने चालला, म्हणजे वेगनियंत्रकाने जेथे अडविले त्या ऐंशीच्या खुंटीला काटा टेकवून. परत आल्यावर टाकीत ११.४ लिटर मावले. दोन दिवसांनी, तितकाच माल घेऊन, मी त्याला साठाच्या पुढे जाऊ दिले नाही. मागून येणाऱ्या ट्रॅव्हल्सच्या कर्ण्यांनी त्याचा जीव मेटाकुटीस आला, दोनदा त्याने माझ्याकडे करुण दृष्टीने पाहिले, पण गुरूची आज्ञा म्हणून त्याने ते सोसले. त्या दिवशी ९.८ लिटर लागले. पहिल्या दिवशीचे ॲव्हरेज १२.३ आणि दुसऱ्या दिवशीचे १४.३. जाऊन-येऊन वेळ अर्ध्या तासाने वाढला आणि पेट्रोल १.६ लिटरने वाचले. लिटरचा दर शंभरीच्या पलीकडे गेलेल्या या दिवसांत त्या अर्ध्या तासाची मजुरी दीडशे रुपयांच्या वर पडली. मोंढ्यात अर्धा तास आधी नंबर लावून बसण्यासाठी आम्ही रोज तेवढे पैसे हवेत सोडतो.

हवेत, हे मी अक्षरशः म्हणतो. हवा ही वस्तू दिसत नाही म्हणून ती फुकट वाटते. परंतु महामार्गावर गाडीच्या टाकीतला मोठा वाटा तिच्याच पोटात जातो. साठावरून ऐंशीवर जाताना वेग वाढतो एक तृतीयांशाने, आणि हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढत असल्यामुळे तो होतो पावणेदोनपटीहून किंचित अधिक. त्यात पिकअपचा आकार म्हणजे वाऱ्याला दिलेले निमंत्रणच : मोहरा सपाट, मागे उघडा हौदा, त्यावर केबिनच्याही वर चढलेली कॅरेटची चळत, आणि दोरी ढिली बांधल्यामुळे फुग्यासारखी फुगणारी ताडपत्री. सोयाबीनच्या भुसकटाने भरलेली पिकअप वजनाला हलकी असूनही पेंडीच्या पिकअपहून अधिक पेट्रोल पिते असे तो विद्यार्थी सांगत असे आणि मी ते त्याच्या गणिताच्या ख्यातीस अनुसरून उडवून लावीत असे. आता मला वाटते की तेथे तोच बरोबर असावा. महामार्गावर वजनाहून उंची महाग पडते.

चढावर मात्र वजन आपला हक्क वसूल करते. सोलापूर ते तुळजापूर ही चढण सुमारे १९० मीटरची आहे. मालासह दोन टनांची गाडी तितकी वर उचलावयाची म्हणजे, इंजिनाची कार्यक्षमता पंचवीस टक्के धरली तर, केवळ त्या उंचीपायी अर्ध्या लिटराच्या आसपास पेट्रोल जळते. मग रस्ता कितीही गुळगुळीत असो आणि आई भवानी कितीही प्रसन्न असो. येथे पेट्रोल इंजिनाचा स्वभावही नडतो. हलक्या कामात ते झडप आवळून स्वतःचाच श्वास कोंडीत असते आणि त्यात शक्ती व्यर्थ दवडते; जड कामाला जुंपले की वरच्या फेऱ्यांवर पळते, आणि आतील उष्णता आवरण्यासाठी कधीकधी त्याला गरजेहून अधिक इंधन पाजावे लागते. डिझेलला ही झडपेची अडचण नाही, आणि त्याच्या एका लिटरात ऊर्जाही पेट्रोलहून दहा टक्क्यांहून थोडी अधिकच असते. म्हणून लांबच्या भारवाहतुकीत डिझेलचे आसन अढळ राहिले ते काही कोणाच्या कृपेने नव्हे.

जाताना तुळजापूरचा घाट लागताच माझ्या विद्यार्थ्याने गाडी न्यूट्रलवर सोडली होती. पेट्रोल वाचते, असे त्याचे म्हणणे. त्याच्या वडिलांनी शिकविले होते, आणि कार्बोरेटरच्या काळात त्यात काही तथ्यही होते. आजच्या इंजेक्शनच्या इंजिनात उलटा प्रकार आहे : गाडी गिअरमध्ये ठेवून पाय उचलला की चाकेच इंजिन फिरवितात आणि इंधनाचा पुरवठा आपोआप तुटतो, तर न्यूट्रलवर इंजिनाला स्वतः जिवंत राहण्यासाठी थेंब थेंब पीत राहावे लागते. शिवाय ब्रेक तापतात ते वेगळेच. त्याला हे पटले नाही. पण त्याने गिअर टाकला.

या मुलुखात ओझ्याचा हिशेब कोणी केलाच नव्हता असे नाही. बार्शी लाइट रेल्वे बांधणारा एव्हरार्ड कॅलथ्रॉप हा इंग्रज इंजिनिअर १८९७ साली अडीच फुटी रूळ घेऊन या भागात उतरला तो एकच सूत्र घेऊन : इंजिन असो वा वाघीण, कोणत्याही आसावर पाच टनांहून अधिक भार पडता कामा नये, आणि सर्व आसांवर तो शक्यतो सारखा पडला पाहिजे. त्या एका सूत्रावर त्याने हलके रूळ, लहान पूल आणि स्वस्त रेल्वे उभी केली. ती आमच्या जिल्ह्यातील तडवळ्यावरून पुढे १९११ साली लातूरला पोचली आणि जवळजवळ शतकभर या भागाची ज्वारी, कापूस आणि माणसे वाहत राहिली. आज तोच शेतकरी पिकअप घेताना पहिला प्रश्न ‘पासिंग किती टनाची?’ असा विचारतो खरा, पण तो त्या मर्यादेत राहण्यासाठी नव्हे. तिच्यावर किती चढविता येईल याचा अंदाज घेण्यासाठी. जादा पाटे टाकून घेतलेली पिकअप ही आमच्याकडे कर्तबगारीची खूण आहे. या दोषाचे खापर मी कंपनीवर किंवा सरकारवर फोडू इच्छित नाही.

परंतु जे खापर त्यांच्यावर फुटले पाहिजे ते असे. आपल्या देशातील प्रवासी मोटारींना इंधनखपतीचे निकष २०१७-१८ पासून लागू झाले. बारा टनांवरील ट्रकांना ते २०१८ पासून लागले, आणि ट्रकांच्या त्या निकषांचे सूत्रच मुळी गाडीच्या मालासकट एकूण वजनावर बांधलेले आहे. ४० आणि ६० अशा स्थिर वेगांवर ट्रक चालवून त्याची खपत मोजली जाते. साडेतीन टनांच्या आतली पिकअप या दोन्ही पंक्तींत उपाशी राहिली : ती मोटार नव्हे, आणि ट्रकही नव्हे. तिची प्रदूषणाची चाचणी होते ती फिरत्या रुळांवर, ज्या चालनचक्राचा सरासरी वेग ताशी ३२ किलोमीटरांच्या आसपास आहे आणि ज्यात नव्वदाचा कमाल वेग केवळ काही क्षणांपुरता गाठला जातो. ते चक्र लबाडीचे आहे असे मी म्हणत नाही. शहरातल्या मोटारीला ते बरेचसे लागूही पडते. परंतु तमलवाडीचा टोलनाका ओलांडून पंचेचाळीस कॅरेट घेऊन ऐंशीने धावणाऱ्या गाडीच्या मालकाला त्या चक्रातून निघालेला आकडा सांगणे, म्हणजे बैलाची ताकद त्याला गोठ्यात उभा पाहून ठरविण्यासारखे आहे.

हा वेडेपणा आपलाच आहे असे समजून खंत करण्याचे कारण नाही. अमेरिकेत १९७३ च्या तेलटंचाईनंतर, १९७५ च्या कायद्याने मोटारींच्या इंधनखपतीला कायद्याच्या चौकटीत आणले गेले, आणि नव्या मोटारीच्या काचेवर तिच्या खपतीचा आकडा चिकटविण्याची पद्धत रूढ झाली. मात्र एकूण वजन ८,५०० पौंडांच्या, म्हणजे सुमारे ३,८५० किलोंच्या वर गेलेल्या भारी पिकअपना त्या चिठ्ठीतून सूट मिळाली. टेक्सासात राहणारा माझा एक भाचा तसली पिकअप बाळगून आहे. सात लिटरांहून मोठे पेट्रोल इंजिन, आठ सिलिंडर, आणि पुढचे नाक आमच्या गावच्या चावडीएवढे. रिकामी असताना महामार्गावर ती लिटरला सहा किलोमीटरांच्या आसपास देते आणि मागे जड ट्रेलर जोडला की चारावर येते. सर्वांत अधिक पिणारी गाडी, आणि तिच्याच काचेवर चिठ्ठी नाही! मी त्याला विचारले तेव्हा तो म्हणाला, “मामा, ही गाडी घेणारा तो आकडा विचारतच नाही.” तिकडे पेट्रोल त्यांच्या मिळकतीच्या मानाने स्वस्त आहे, तेव्हा ती चैन त्यांना परवडत असेल. येथे पिकअपवाल्याच्या महिन्याच्या खर्चात हप्त्याच्या खालोखाल, आणि पुष्कळदा हप्त्याच्याही वर, इंधनाचा आकडा असतो.

इथेनॉलचा विषय येथे टाळता येत नाही, विशेषतः आमच्या जिल्ह्यात. येडशीहून येरमाळ्याकडे निघालो की वाटेत चोराखळीचा साखर कारखाना लागतो. करोनाच्या लाटेत २०२१ साली ज्याच्या इथेनॉल प्रकल्पात रुग्णांसाठी प्राणवायू निर्माण करण्यात आला तोच हा. कळंब तालुक्यात रांजणीलाही इथेनॉल होते. म्हणजे आमच्याच रानातला ऊस फिरून आमच्याच पिकअपच्या टाकीत येतो, ही गोष्ट अभिमानाची म्हणावी. दुष्काळी मुलुखात त्या उसाला पाणी किती लागते हा प्रश्न तूर्त बाजूला ठेवू. परंतु इथेनॉलच्या एका लिटरात पेट्रोलच्या मानाने ऊर्जा सुमारे एक तृतीयांशाने कमी असते, हे रसायनशास्त्र कोणत्याही शासननिर्णयाने बदलत नाही. वीस टक्के मिश्रणाचा आराखडा २०२१ साली नीती आयोगाने प्रसिद्ध केला त्यातच नमूद आहे की शुद्ध पेट्रोलसाठी घडविलेल्या आणि दहा टक्के मिश्रणासाठी जुळविलेल्या चारचाकींचे ॲव्हरेज ६ ते ७ टक्क्यांनी उतरेल, आणि वीस टक्क्यांसाठी जुळविलेल्या गाड्यांचे १ ते २ टक्क्यांनी. माझ्या विद्यार्थ्याची गाडी जुन्या वर्गातली निघाली तर लिटरमागे पाऊण किलोमीटर गेले असे धरावे. सरकारने हे लपविले नाही, हे कबूल; पण आराखड्याच्या पानावर छापणे निराळे आणि पंपावर, दराच्या पाटीशेजारी, मराठीत लिहिणे निराळे. मिश्रणाचा ॲव्हरेजवरील परिणाम पाटीवर नाही.

यावर कंपन्यांचे उत्तर मला ठाऊक आहे : भार सर्वांचा सारखा नसतो, रस्ते सारखे नसतात, चालक सारखे नसतात, तेव्हा एक आकडा देऊन आम्ही ग्राहकाची दिशाभूल कशी करावी? हा युक्तिवाद सशक्त दिसतो. पण तोच आज जो एक आकडा तोंडी दिला जातो त्याला लावून पाहावा म्हणजे तो किती पोकळ आहे हे कळेल. एक आकडा अपुरा असेल तर चार द्यावेत. रिकामी आणि पासिंगइतकी भरलेली, अशा दोन्ही स्थितींत, साठ आणि ऐंशी या स्थिर वेगांवर गाडी किती पेट्रोल घेते, ते मोजून, सरकारमान्य चाचणीसंस्थेचा शिक्का घेऊन, विक्रीच्या कागदावर छापावे, असा हुकूम काढण्यास नवे शास्त्र शोधावे लागत नाही; ट्रकांसाठी ते शोधून झाले आहे आणि १९६६ साली स्थापन झालेली वाहन-संशोधनाची संस्था पुण्यातच आहे. तसा तक्ता हाती आला तर आमचा पिकअपवाला घेण्यापूर्वीच पाहील की आपला धंदा शहरातला असेल तर पेट्रोल बरे, जवळपास सीएनजीचा पंप असेल तर ते बरे, आणि रोज सोलापूर-हैदराबाद करावयाचे असेल तर डिझेलचा जड हप्ताही अखेर हलका पडतो. आज हे ज्ञान त्याला दोन वर्षांनी, हप्ते थकल्यावर होते.

गेल्या महिन्यात त्या विद्यार्थ्याचा मेव्हणा अशीच एक पिकअप घेण्यास निघाला आणि दोघांनी मलाही शोरूममध्ये नेले. मागणीचा अर्ज दोन पानी होता. रंग, विमा, हप्त्याची मुदत, वरच्या सांगाड्याचे पाइप, डिलिव्हरीच्या दिवशी हार-नारळ व पेढे हवेत का – सर्वांना रकाने होते. ॲव्हरेजला रकाना नव्हता. विचारले तेव्हा तेथील पोरगा अदबीने म्हणाला, “काका, ते चालवणाऱ्यावर असतं.” माझ्या विद्यार्थ्याने खिशातली डायरी काढली, आमच्या दोन फेऱ्यांचे पान – ‘भरलेली, ऐंशीवर १२.३; भरलेली, साठावर १४.३’ – फाडून काढले, आणि ते अर्जाला टाचणीने लावून दिले. पोरग्याने ते वाचले. मग अर्ज स्कॅन करावयाचा असतो आणि टाचणी यंत्रात अडकते म्हणून त्याने ती हलकेच काढली, आणि पान घडी करून परत त्याच्या हातात दिले.